बाराव्याला घेतलेलं नाव

“नाव?” मी विचारलं.

माझ्या हातात पळी, पुढे ताम्हन, आणि पाटावर हुपरीकर. जानवं उजव्या खांद्यावर, बोटात दर्भाचं पवित्रक, तोंड दक्षिणेला. संकल्पात गेलेल्या माणसाचं गोत्र आणि नाव घ्यावं लागतं. ते मी आधीच विचारून घेते, म्हणजे मध्ये अडखळायला होत नाही. गोत्र त्यांनी सांगितलं होतं. नावापाशी मात्र गाडं अडलं.

“माधवी,” स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या थोरल्या बहिणीनं सांगितलं.

“माधवी नाही,” हुपरीकर म्हणाले.

“नाही काय? बाई, तुम्ही माधवीच घ्या. परवापर्यंत सगळं त्याच नावानं झालंय.”

“माधवी नाही, आक्का,” ते पुन्हा म्हणाले आणि पुढचं बोलायला त्यांनी तोंड उघडलं. आवाजच आला नाही. थोडा वेळ तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं.

मी पळी खाली ठेवली. घरातल्यांचं आपसात ठरलेलं नसलं की असं होतं, आणि ते नेमकं मी पाटावर बसल्यावर बाहेर येतं. एप्रिलचं ऊन, इचलकरंजीची ती माग-कारखान्यांची गल्ली, शेजारच्या शेडमधली खटखट, आणि सांगलीहून एसटीत उभ्यानं आलेली मी. मला फक्त लवकर घरी जायचं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा साठी ओलांडली होती. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, निवृत्त झाल्यावर पौरोहित्य शिकले आणि करायला लागले. बाईमाणूस ताम्हन घेऊन आलं की लोकांची पहिली अडचण म्हणजे तिला म्हणायचं काय. कुणी गुरुजी म्हणे, कुणी बाई. एका लग्नात नवऱ्यामुलाचा मामा सबंध वेळ मला ‘गुरुजीबाई’ म्हणत होता. ते चालत असे. पण यजमानानं मंत्रातला विसर्ग खाल्ला, ‘ष’चा ‘श’ केला, की मी थांबवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. सांगलीत माझ्यामागं लोक म्हणत, फाटकबाईंना बोलवायचं तर आधी जीभ घासून ठेवा.

त्या उन्हाळ्यात मात्र मी थकले होते. गुडघे दुखत होतेच, पण गुडघ्यांपेक्षा कान थकला होता. दिवसभर लोकांचं चुकलेलं ऐकायचं आणि रात्री झोपताना तेच कानात घोळवायचं, याचा मला वीट आला होता. हे काम आता सोडावं असं रोज ठरवत होते.

अशात हुपरीकरांचा फोन आला. विश्वास हुपरीकर, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. पत्नी वारली, बाराव्याला याल का म्हणाले. दहाव्यापर्यंतचं त्यांच्या नेहमीच्या गुरुजींनी केलं होतं.

“मग बारावंही त्यांच्याकडूनच करून घ्या की,” मी म्हटलं.

“नको. तुम्ही उच्चाराला फार कडक आहात असं ऐकलं. म्हणून तुम्हीच या.”

उच्चारासाठी मला कुणी बोलावल्याचं ते पहिलंच. उच्चारासाठी मला टाळणारे पुष्कळ होते. मी हो म्हटलं.

तर आता ते उच्चारावरच अडून बसले होते.

“हे बघा हुपरीकर,” मी म्हटलं, “तुमच्या मनात जे नाव असेल ते सांगा. मी ते संकल्पात घालते. त्यात अवघड काही नाही.”

“मला येत नाही ते,” ते म्हणाले.

“काय येत नाही?”

“तिचं नाव.”

आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. मंदाकिनी त्यांचं नाव. अठ्ठ्याहत्तरीच्या असतील, पण चालणं खणखणीत. त्यांनी मला सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. भाऊ कापडाचं शिकायला कोइमतूरला गेला, तिथंच एका गिरणीत नोकरीला लागला आणि इरोडची मुलगी लग्न करून घेऊन आला. तिकडं लग्न म्हणजे नुसते हार घातले होते, ना भटजी ना अक्षता. म्हणून इथं पुन्हा रीतसर लग्न लावलं.

“आणि नाव तर असं, की आमच्या आईच्या जिभेवर चढेचना. तेन… तेनमोळी. आई म्हणायची, मोळी काय गं, लाकडाची? मग ह्यालाच विचारलं, अर्थ काय नावाचा? हा म्हणाला, मधासारखं बोलणारी. आई म्हणाली, मग माधवी. झालं. तांदळाचं ताट पुढं ठेवलं, ह्याच्या हातात अंगठी दिली आणि ह्यानंच लिहिलं. तिला कुठं वाचता येत होतं तेव्हा मराठी! तिनं ह्यालाच विचारलं, काय लिहिलंस म्हणून.”

हुपरीकर ताम्हनाकडं बघत होते.

“पण पोरगी हुशार हो,” आक्का म्हणाल्या. “आई तिला समोर बसवून म्हणवून घ्यायची. ‘चमचा’तला च वेगळा, ‘चिमट्या’तला वेगळा. वर्षात असं बोलायला लागली की भाजीवालीला कळायचं नाही ही कुठली ते. आणि आता हा म्हणतो, माधवी नाही. दहाव्याला घाटावर माधवी नावानं पिंड ठेवला आणि कावळा लागलीच शिवला, बाई. हात काढायच्या आत. तिला मान्य आहे म्हणूनच ना?”

घाटावरचे कावळे उपाशी असले की कुणाच्याही नावाला शिवतात. पण हे बाराव्याला बोलायचं नसतं.

“विश्वासराव, कुणी तरी हे नाव बरोबर म्हणणारं आहे का इथं?” मी विचारलं.

त्यांनी दाराकडं बोट केलं.

दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत पांढरी लुंगी आणि पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ मघापासून बसले होते. मला वाटलं होतं शेजारचे कुणी असतील. ते वारलेल्या बाईंचे धाकटे भाऊ होते, इळंगो. इरोडला त्यांचा सुताचा व्यापार, आणि इचलकरंजीच्या मागवाल्यांना सूत विकायला वर्षातून अनेकदा येणं-जाणं. त्यामुळं मराठी बाजारातली होती, पण होती.

“तुम्ही सांगा नाव,” मी म्हटलं. “मी ऐकते आणि यांच्याकडून म्हणवून घेते.”

इळंगो उठून उभे राहिले. ओशाळल्यासारखे हसले.

“मॅडम, मी कधी बोलला नाही.”

“म्हणजे?”

“ती मोठी. माझी अक्का. आमच्यात मोठ्याचं नाव घेत नाही. मी अक्का बोलतो, बस. नाव अप्पा बोलायचा, अम्मा बोलायची. शाळेत मास्तर बोलायचा. ते सगळे गेले.”

मी आळीपाळीनं तिघांकडं पाहिलं. आक्का तिला ‘अगं वहिनी’ म्हणणार. आल्यागेल्याची ती माधवीकाकू. नवरा, मला माहीत आहे त्या पिढीतले नवरे काय म्हणतात ते. मूलबाळ त्यांना नव्हतं. म्हणजे जिचं बारावं घालायला आम्ही जमलो होतो, तिचं नाव ज्यानं नीट घेतलं असेल असं एकही तोंड त्या घरात नव्हतं.

आणि नाव तर घ्यायलाच हवं होतं. बाराव्याला सपिंडीकरण असतं. गेलेल्या बाईचा पिंड करायचा, त्याचे तीन भाग करायचे आणि ते तिच्या सासूच्या, आजेसासूच्या आणि पणजेसासूच्या पिंडांत मिसळून टाकायचे. मग ती वेगळी राहत नाही, त्या घरच्या पितरांतली एक होते. त्याआधी एकटीचं असं तिचं नाव निघतं ते या दिवशी शेवटचं. ज्या सासूनं नाव बदललं तिच्याच पिंडात ही जायची होती. गोत्र लग्नात बदललं, आडनाव बदललं, नाव बदललं. आता एवढंच राहिलं होतं.

“विसू, तुझं काय चाललंय ते मला कळतंय,” आक्का भावाला म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. “पण जगात काय तुझ्या एकट्याच्या बायकोचं नाव बदललं? मी माहेरी गोदी होते. सासरी गेले आणि दुसऱ्या दिवशी मंदाकिनी झाले. मला कुणी विचारलं होतं? माझ्या बाराव्याला कुणी गोदी म्हणणार आहे होय?”

माझंही माहेरचं नाव मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

“आक्का, तुझ्या वेळी मी असलो तर गोदी म्हणेन,” हुपरीकर म्हणाले. “पण हिचं आज आहे. आज मला हिच्याच नावानं करायचंय. आणि नीट करायचंय.”

“करा बाबा,” आक्का म्हणाल्या. “वाढपाची वेळ टळली तर मला बोलू नका.” त्या आत गेल्या. आत भांडी जरा जोरातच आपटली.

मी इळंगोंना म्हटलं, “तुमच्या अक्कांचं नाव तुम्ही घेतलंत तर त्यांचा अपमान होतो, हे मला समजतं. पण तुमच्याशिवाय कुणाला येत नाही.”

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून कमरेला बांधला. मोठ्यांपुढं आपल्याकडं जसे जोडे काढतात तसं ते असावं. मग भिंतीकडं तोंड केलं आणि अगदी हळू, एकदाच, ते नाव घेतलं.

मी इथं ‘तेनमोळी’ असं लिहिते, पण लिहितानाच ते चुकतंय. आपला ‘ळ’ म्हणताना जीभ मागं वळून टाळूला टेकते. त्या अक्षरात ती वळते, टाळूजवळ जाते, आणि टेकतच नाही. जवळून वारा तेवढा जातो. र नाही, ळ नाही, य नाही, आणि तिन्ही आहे. इळंगोंनी मला समजावलं, “माझ्या नावात तुमचाच ळ. इळंगो. सोपा. अक्काचा वेगळा. आमचा अप्पा तमिळवाला होता, पक्का. संस्कृत नाव नको, पुजारी नको, काही नको. त्यानं मुद्दाम ठेवला असा नाव. बोलायचा, ही अक्षर दुसऱ्या कुणाकडं नाही.”

“आणि आता मी ते संस्कृतात घालणार,” मी म्हटलं.

“अप्पा असता तर इथं बसला नसता,” इळंगो म्हणाले. “मी बसला. दाजीसाठी.”

मी म्हणून पाहिलं. आयुष्यभर मुलांना ऋ आणि ऌ शिकवले, तेव्हा एक अक्षर आपल्याला येणार नाही असं मला कशाला वाटेल? इळंगोंनी मान हलवली. पुन्हा म्हटलं. पुन्हा मान हलली. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाला कसं वाटत असेल ते त्या दिवशी मला कळलं.

हुपरीकरांचं त्याहून वाईट चाललं होतं. आधीची अक्षरं ठीक यायची आणि शेवटच्याशी आले की जिभेला काहीतरी व्हायचं. कधी ‘री’ बाहेर पडायचं, कधी चक्क ‘यी’. घाम फुटला होता. इळंगो दर वेळी समजुतीनं म्हणत, “थोडा मागं, दाजी. टेकायचा नाही. वर जायचा, पण टेकायचा नाही.” पाचपंचवीस वेळा तरी झालं असेल. शेवटी मीच म्हटलं, थोडं थांबू या. पाणी प्या.

मी पाणी प्यायला मागच्या पडवीत गेले. तिथं नळाखाली हातपाय धुतले आणि जिन्याच्या पायरीवर जरा टेकले. परतीची साडेतीनची एसटी आता गेलीच, असं मनात म्हणत होते. मागोमाग हुपरीकर आले. उभेच राहिले.

“बाई, तुम्हाला वाटत असेल, म्हातारा हट्टाला पेटलाय.”

“वाटतंय खरं,” मी म्हटलं. मी थकलेली असले की खोटं बोलत नाही.

“दवाखान्यात होती ना शेवटी,” ते म्हणाले. “मेंदूत रक्तस्राव झालेला. डोळे मिटलेले. दुपारी डॉक्टर आला, पोरगेलासा होता. म्हणाला, आजोबा, हाक मारा. नावानं मारा. ऐकू जात असेल तर हाकेला प्रतिसाद देतील. मी जन्मात तिला नावानं हाक मारलेली नाही. अगं, ऐकलंस का, एवढ्यावरच सगळं निभावलं. मग म्हटलं, माधवी. काही नाही. डॉक्टर म्हणाला, मोठ्यानं. मी मोठ्यानं म्हटलं. सिस्टरही माधवीताई, माधवीताई म्हणायला लागली. पापणीसुद्धा हलली नाही.”

मी पायरीवर सरकून जागा केली, पण ते बसले नाहीत.

“मला कळत होतं, बाई. हे नाव तिथवर पोचायचं नाही. इतक्या आत गेलेल्या माणसाला नंतर दिलेलं नाव कुठलं ऐकू जायला? दुसरं नाव अगदी ओठावर आलं होतं माझ्या.”

“मग घेतलं का नाहीत?”

“चुकलं असतं.”

“चुकलं असतं तर काय झालं असतं?”

“लग्नाच्या आधी मी म्हणायचो ते नाव. चुकीचंच म्हणायचो, ती हसायची. इकडं आल्यावर, माधवी झाल्यावर, एकदा असंच म्हणालो. तेव्हा हसली नाही. म्हणाली, चुकीचं म्हणण्यापेक्षा म्हणूच नका. माझ्या अप्पांनी ठेवलेलं आहे ते. मी म्हटलं, बरं. तेव्हापासून कधीच घेतलं नाही. तिचा शब्द मोडला नाही. दवाखान्यातही तेच मनात आलं, की शेवटच्या घटकेला तिच्या कानात चुकीचं नाव कशाला घालायचं? डॉक्टर म्हणाला, आजोबा, अजून एकदा. मी पुन्हा माधवीच म्हटलं.” त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. “म्हणून आज एकदा तरी बरोबर यायला हवं.”

मला त्या माणसाची फार दया आली. आणि थोडा रागही आला, कुणाचा ते मात्र सांगता यायचं नाही. दुसरी कुणी असती तर चार शब्द धीराचे बोलली असती. मी म्हटलं, “चला. उशीर होतोय.”

आम्ही परत येऊन बसलो. आक्कांनी पिंडांचा भात परातीत आणून ठेवला. त्यांनी डोळे पुसलेले दिसत होते. फोडणीचा धूर म्हणायला स्वयंपाकघरात फोडणी नव्हती. मी तीन सासवांची नावं विचारून घेतली. द्वारका, भागीरथी, यमुना. त्याही आपापल्या माहेरी आणखी कुणीतरी असणार, असं मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं, नाहीतर बारावं तेराव्यापर्यंत चाललं असतं.

पिंड केले. सासवांचे तीन गोल, आणि हिचा एक लांबट, वेगळा. हुपरीकरांच्या ओंजळीत मी तीळ आणि पाणी दिलं.

“मी म्हणते तसं म्हणा. नाव तेवढं तुम्ही आपलं आपण घ्या. सावकाश.”

मी गोत्र म्हटलं, त्यांनी म्हटलं. स्वच्छ म्हटलं. मग मी थांबले. शेजारच्या शेडमधले माग चालू होते. इळंगो खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. आक्का दाराची चौकट धरून उभ्या.

हुपरीकरांनी डोळे मिटले आणि नाव घेतलं.

चुकलं. मघाच्या पाचपंचवीस वेळांपेक्षा बरं आलं होतं, पण जीभ टेकली. मला स्पष्ट ऐकू आलं. थांबवण्यासाठी माझा हात सवयीनं वर गेलासुद्धा. तो अर्ध्यावर ठेवून मी इळंगोंकडं पाहिलं. मनाशी म्हटलं, कान माझा आहे, पण भाषा त्यांची आहे. निकाल त्यांनीच द्यावा.

हुपरीकरांनीही डोळे उघडून त्यांच्याकडंच पाहिलं. “आलं?”

इळंगो सज्जन माणूस. त्यांना खोटं बोलवत नव्हतं आणि खरं बोलायचं जिवावर आलं होतं. मग त्यांना एक मार्ग सापडला आणि चेहरा उजळला.

“बरोबर नाही, दाजी. पण चालेल. अक्का वळून बघितली असती.”

“काय?”

“शाळेत एक मास्तर होता आमचा. गणिताचा. तेलुगू. तो असाच बोलायचा नाव, अगदी असाच. अक्का घरी येऊन रोज चिडायची. पण वर्गात त्यानं बोलला की पटकन उभी राहायची.” ते हसले. “आपलंच नाव ना. कसं पण बोलू दे, कळतो माणसाला.”

त्यांना धीर द्यायचा होता, दुसरं काहीच नाही. दवाखान्यातलं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या खोलीत ते हुपरीकरांखेरीज मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि इळंगोंचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटलं. तोवर ते बोलून मोकळे झाले होते.

हुपरीकर हलले नाहीत. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून पाटावर गळत होतं.

“बघितलं असतं?” त्यांनी विचारलं.

“हो, दाजी,” इळंगो आणखी जोरानं म्हणाले. “नक्की बघितलं असतं.”

मी पुढचा शब्द सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात हुपरीकरांनी पुन्हा नाव घेतलं. पिंडाकडं बघून नव्हे. मान उचलून, आतल्या खोलीच्या दिशेनं. मंत्रात म्हणतात तसं नव्हे. घरात आत कुणी कामात असलं आणि त्याला बाहेर बोलवायचं असलं की आपण जशी हाक देतो तशी. तीही चुकली. मग त्याहून मोठ्यानं, आणखी एकदा. त्या वेळी तर शेवटचं अक्षर सरळ ‘री’ झालं. इळंगोंचं हसू मावळलं. काय झालं ते त्यांना कळेना आणि ते माझ्याकडं बघायला लागले.

आक्का चौकट सोडून पुढं आल्या आणि भावाच्या पाठीवर हात ठेवून वाकल्या.

“विसू, काय रे हे? कुणाला हाका मारतोयस?”

“हिला,” हुपरीकर म्हणाले, आणि ओंजळ रिकामी झालेली पाहून त्यांनी ती पुन्हा माझ्यापुढं धरली.